प्रश्न उद्भवत नाही

(तालुका शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच जवळपास लिहून काढलं आहे.)

पोरांनो, पुढं या, जागा आहे.

आम्हाला आज विषय दिला आहे विधानसभेतल्या प्रश्नांचा. आमदार मंत्र्याला प्रश्न विचारतो म्हणजे काय करतो, मंत्री उत्तर देतात ते कुठून आणतात, आणि त्यात आपल्या प्लॉटचं काय होतं. काही जण म्हणतील, मुंबईत कोण काय बोलतं त्याच्याशी आपला काय संबंध, आपण इथं नांगर धरतो. संबंध आहे. मंत्री सभागृहात उभे राहून जे उत्तर वाचतात, ते लिहायला सुरुवात होते आपल्याच बीटवर. हे समजून घेतलं नाही तर आपण दर अधिवेशनाला आमदाराच्या घरी निवेदन देऊन चहा पिऊन परत येऊ, दुसरं काही होणार नाही.

आधी प्रश्न कसा असतो ते सांगतो. आपण बोलतो तसा तो नसतो. "आमच्या जमिनीचा दाखला का देत नाही?" असं सरळ कुणी विचारत नाही. त्याची एक ठरलेली चाल आहे. पहिला भाग: अमुक तालुक्यात आदिवासींचे वनहक्काचे दावे प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय? दुसरा भाग: असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? तिसरा: असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली? चौथा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? महाराष्ट्राच्या विधानसभेचा कुठलाही छापील प्रश्न उघडून बघा, विहिरीचा असो, रस्त्याचा असो, कुपोषणाने मेलेल्या पोरांचा असो, चाल हीच.

आणि उत्तराचीही चाल ठरलेली. (1) हे खरे नाही. (2) प्रश्न उद्भवत नाही. (3) प्रश्न उद्भवत नाही. (4) प्रश्न उद्भवत नाही.

हसू नका, खरंच असं छापलेलं असतं. पहिल्याला 'खरे नाही' म्हटलं की पुढचे सगळे आपोआप मेले. जसा बांधाचा पहिला दगड काढला की सगळी माती खाली येते. कधी कधी 'हे अंशतः खरे आहे' असं येतं. ते आलं तर समजा काहीतरी हातात आलं, कारण कुठला अंश खरा आणि कुठला खोटा, हे मग त्यांना सांगावं लागतं. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असंही येतं. ते उत्तर म्हणजे पुढच्या अधिवेशनाला भेटू.

आता हे उत्तर येतं कुठून? मंत्री तर आपल्या डोंगरावर आलेले नसतात. आमदाराने प्रश्न दिला की तो विधानमंडळाच्या सचिवालयात जातो. तिथं तो नियमात बसतो का बघतात. मग तो मंत्रालयात त्या त्या खात्याकडं जातो. दाव्यांचा असेल तर आदिवासी विकास खात्याकडं, झाडाचा, गुरांचा, गार्डाच्या मारहाणीचा असेल तर वन खात्याकडं. खातं खाली विचारतं. महसुलाच्या बाजूने कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, सर्कल, तलाठी. जंगलाच्या बाजूने उपवनसंरक्षक, रेंजर, राऊंडचा फॉरेस्टर आणि सगळ्यात खाली बीट गार्ड. कागदावर 'अत्यंत तातडीचे, विधानसभा प्रश्न' असं लिहिलेलं असतं. म्हणून रेंज ऑफिसात धावपळ होते. गार्डाला विचारतात, तुझ्या बीटमध्ये असं काही झालं का? आता ज्या गार्डाने आपली नागली उपटली, त्यालाच विचारलं की तू नागली उपटलीस का, तर तो काय लिहील? तो लिहितो, असे काही घडलेले नाही. मग फॉरेस्टर सही करतो, रेंजर सही करतो, वरचे साहेब सही करतात. प्रत्येक सहीला कागद जाड होतो, पण आतली गोष्ट तीच राहते, गार्डाची. शेवटी मंत्री माइकसमोर उभे राहतात आणि बीट गार्डाचं वाक्य सगळ्या महाराष्ट्राला वाचून दाखवतात.

आमच्याकडं असंच झालं. आवणीच्या दिवसात एका पाड्यावरच्या प्लॉटवर खातं आलं, रोपं तुडवली, नांगर उचलून नेला. संघटनेने निवेदन दिलं, आमदाराने प्रश्न लावला, अतारांकित लागला. उत्तर आलं, हे खरे नाही. छापील कागद पाड्यावर वाचून दाखवला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "मंग माजा नांगर कुठं हाय, त्यांला इचारा." तिचा प्रश्न आमदाराच्या प्रश्नापेक्षा चांगला होता. कारण नांगर नेला तर जप्तीची पावती पाहिजे, पावती असेल तर तारीख पाहिजे, तारीख असेल तर तो माणूस त्या दिवशी तिथं होता. 'हे खरे नाही' असं मग म्हणता येत नाही. आपल्या प्रश्नात नांगर नव्हता, तारीख नव्हती, सर्व्हे नंबर नव्हता. 'आदिवासींवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय' असं मोघम विचारलं तर मोघम नाकारता येतं.

म्हणून आम्ही म्हणतो, प्रश्न आमदाराचा नसतो, प्रश्न गावाचा असतो. आमदार फक्त तो आत नेतो.

तारांकित आणि अतारांकित यातला फरक सगळ्यांनी ध्यानात ठेवावा. ज्याच्यावर चांदणी असते तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्यांना तोंडी द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. उपप्रश्न ही खरी जागा आहे. लिहिलेलं उत्तर अधिकाऱ्यांनी दिलेलं असतं, उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतःच्या तोंडाने बोलावं लागतं. अधिकारी गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवतात ती गोष्ट वेगळी. अतारांकितला फक्त लेखी उत्तर, त्यावर काही विचारता येत नाही. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित प्रश्न लागतात आणि 230 अतारांकित. पण तास एकच असतो, त्या 20 मधले बहुतेक दिवशी पाच-सहाच तोंडी होतात, बाकीचे कागदावर राहतात. कुणाचा नंबर आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. म्हणजे आपल्या जमिनीचं नशीब तिथंसुद्धा चिठ्ठीत आहे.

आणि चिठ्ठी निघाली तरी आमदार, खासदार जागेवर पाहिजे. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये लोकसभेत एके दिवशी असं झालं की ज्यांचे प्रश्न होते तेच बरेचसे खासदार आले नव्हते. अध्यक्षा नावं पुकारत गेल्या, कुणी उठेना, आणि प्रश्नोत्तराचा तास वेळेआधीच संपला. त्याच्या आधी 2005 मध्ये तर प्रश्न विचारायला पैसे घेताना खासदार सापडले. त्या डिसेंबरमध्ये 11 जणांना संसदेतून काढून टाकलं, लोकसभेचे 10 आणि राज्यसभेचा 1. म्हणजे प्रश्नाला बाजारात भाव आहे बरं का! कंपनीवाल्याला ते कळतं. आपण मात्र त्याला फुकटची गोष्ट समजतो आणि वाया घालवतो.

एका प्रश्नाने काय होतं त्याची जुनी गोष्ट आहे. 1957 सालची. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या शेठच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. लोकांनी विम्यात भरलेला पैसा. संसदेत प्रश्न आला, तेव्हा अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. पहिली उत्तरं गोल गोल होती. मग फिरोज गांधी उठले. ते काँग्रेसचेच खासदार, वर पंतप्रधान नेहरूंचे जावई. सरकार स्वतःच्या पक्षाचं, सासऱ्याचं, तरी त्यांनी सोडलं नाही. कारण त्यांच्याकडं कागद होते, तारखा होत्या, कुठल्या दिवशी कुठल्या भावाने काय घेतलं ते होतं. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली, ती लोकांसमोर उघडी चालली, आणि 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आपला आमदार सत्तेतल्या पक्षाचा आहे, तो कसा विचारेल, असं कुणी म्हणालं तर ही गोष्ट सांगा.

आता आपल्या जमिनीकडं येऊ. आपल्या जमिनीच्या लढाईत संसदेतल्या एका उत्तराचा मोठा हात आहे, हे थोड्यांना ठाऊक आहे. 3 मे 2002 ला दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयातून सगळ्या राज्यांना पत्र गेलं. देशात साडेबारा लाख हेक्टर वनजमिनीवर अतिक्रमण आहे, ते 30 सप्टेंबरच्या आत काढा. पत्रच होतं, कायदा नव्हता. पण त्या एका पत्रावर हत्ती लावून, बुलडोझर लावून झोपड्या पाडल्या गेल्या, उभं पीक कापलं गेलं. महाराष्ट्रात 1978 चा शासन निर्णय होता, 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करा म्हणून. ज्यांच्याकडं एकसाली प्लॉट होते, दंडाच्या पावत्या होत्या, त्यांचीही कामं अर्धवट पडली होती, कारण 1980 चा वन संवर्धन कायदा आडवा आला. अशा सगळ्यांच्या डोक्यावर ते पत्र पडलं. किती लोकांना उठवलं ते कोण सांगणार? गाववाले सांगायचे, पण गाववाल्यांचं कोण ऐकतं. मग 2004 च्या ऑगस्टमध्ये संसदेत प्रश्नाच्या उत्तरात सरकारने स्वतःच सांगितलं, की सुमारे दीड लाख हेक्टरवरची अतिक्रमणं काढली.

दीड लाख हेक्टर. त्यांना वाटलं असेल आपण कामगिरी सांगतोय. पण तो आकडा देशातल्या सगळ्या संघटनांनी उचलला. तो आपण काढलेला आकडा नव्हता, त्यांच्या तोंडचा होता, त्याला खोटं कोण म्हणणार? मोर्चात, धरण्यावर, खासदारांच्या दारात तोच आकडा. 13 डिसेंबर 2005 ला वनहक्काचं विधेयक लोकसभेत आलं. ते विधेयक तसं अपुरं होतं. त्यात तारीख 25 ऑक्टोबर 1980 होती, जमीन अडीच हेक्टरपर्यंत. ते संयुक्त संसदीय समितीकडं गेलं, किशोर चंद्र देव अध्यक्ष होते. समितीने मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलं, लोकांचं ऐकलं. समितीचा अहवाल 2006 च्या मे महिन्यात आला. डिसेंबरात कायदा झाला तेव्हा तारीख 13 डिसेंबर 2005 झाली आणि हद्द चार हेक्टरची. 1980 ची तारीख राहिली असती तर इथं बसलेल्या किती जणांचे दावे टिकले असते, तुम्हीच मनात मोजा.

कायद्याच्या पहिल्याच पानावर ऐतिहासिक अन्याय असा शब्द आहे. पण शब्द वेगळा आणि सातबारा वेगळा. आज काय चाललंय ते आपण बघतोच. ग्रामसभेने मंजूर केलेला दावा प्रांताच्या समितीत जातो आणि 'अपात्र' असा शिक्का घेऊन येतो, कधी तर येतच नाही. कारण विचारलं तर कागद दाखवत नाहीत. कायद्यात लिहिलं आहे की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येणार नाही. कलम 4, पोटकलम 5. हे पाठ करा. प्रांताच्या समितीविरुद्ध जिल्ह्याच्या समितीकडं जायला 60 दिवस असतात, पण निर्णयच कळवला नाही तर 60 दिवस कुठून मोजायचे? हा प्रश्न विधानसभेत विचारायचा आहे. नाकारलेल्या किती दावेदारांना लेखी कारण दिलं, किती तारखेला दिलं, पोच कुठं आहे? या प्रश्नाला 'उद्भवत नाही' म्हणता येणार नाही. एकतर आकडा द्यावा लागेल, नाहीतर दिलं नाही म्हणावं लागेल.

मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गडचिरोली जिल्ह्यातलं गोंडांचं गाव. त्यांना 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपजात आहे, साफ लिहिलेलं आहे. तरी खातं वाहतुकीचा पास देईना. गावाने प्रश्न सोडला नाही. विचारत राहिले, जाहीर विचारत राहिले. मार्च 2011 मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज धरा, आणि 27 एप्रिलला ते स्वतः मुख्यमंत्र्यांना घेऊन गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथं प्रश्न कुठल्या सभागृहात नाही, गावात विचारला गेला, आणि उत्तर द्यायला मंत्री चालत आले. सगळीकडं असं होणार नाही, ते आम्हालाही कळतं. पण आपण नेहमी मुंबईकडंच तोंड करून बसायचं असं नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता आमदारांचं. महाराष्ट्रात 288 आमदार, त्यातले 25 आदिवासी राखीव जागांवरून निवडून आलेले. हे 25 जण एका दिवशी एका विषयावर उठले तर सभागृह थांबेल. उठतात का? पक्ष वेगळे, गट वेगळे, ठेकेदार मात्र एकच. राग येतो म्हणून बोललो. काही जण चांगलं विचारतात, त्यांना आपण कागद देत नाही हेही खरं आहे. आमदाराकडं रोज शंभर निवेदनं येतात. आपल्या निवेदनात पहिली दहा वाक्यं शिवाजी महाराज, बिरसा मुंडा आणि बाबासाहेबांची असतात आणि सर्व्हे नंबर शेवटी, तोही कधी चुकलेला. त्यांच्या पीएला त्यातून प्रश्न काढता येत नाही. मग तो बाजूला ठेवतो.

अधिवेशनं तीन असतात. मार्चमध्ये बजेटचं, पावसाळ्यात एक, ती दोन मुंबईला, आणि डिसेंबरात नागपूरला. पावसाळी अधिवेशन नेमकं आवणीत येतं. आपण चिखलात, ते सभागृहात. म्हणून त्याचे कागद आपल्याला राब भाजायच्या दिवसातच तयार ठेवावे लागतात, आवणीत कुणाला वेळ मिळणार नाही. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी दिवस आधी द्यावा लागतो. घटना आज घडली आणि उद्या प्रश्न, असं होत नाही. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना असते, त्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. गोळीबार, मारहाण, घरं जाळणं असं झालं तर लक्षवेधीच मागायची, साधा प्रश्न नाही. कोर्टात केस चालू असली की प्रश्न नाकारतात, 'न्यायप्रविष्ट' म्हणून. तेव्हा केस आणि प्रश्न यांचा विषय वेगळा करून लिहायला लागतं. केस एका प्लॉटची असेल तर प्रश्न गावच्या पावत्यांचा करायचा.

मंत्र्यांनी सभागृहात 'करू', 'चौकशी करतो', 'तीन महिन्यांत निकाली काढू' असं म्हटलं की ते हवेत जात नाही. लिहून घेणारे बसलेले असतात, आणि आश्वासन समिती नावाची आमदारांची समिती असते, ती विचारते की त्याचं काय झालं. लोकसभेत अशी समिती 1953 पासून आहे. आपण काय करतो, पेपरात 'मंत्र्यांचे आश्वासन' अशी बातमी आली की टाळ्या वाजवतो आणि विसरतो. तो पेपर फाईलला लावून समितीकडं गावाचं पत्र गेलं पाहिजे. आणि उत्तर खोटं असेल तर आमदाराला ते अध्यक्षांच्या ध्यानात आणता येतं, हक्कभंगाची सूचनाही देता येते. पण खोटं आहे हे दाखवायला पुरावा लागतो. पुन्हा तिथंच येतो आपण.

आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली आहे. प्रश्न लागल्याची खबर तालुक्यात पोचते तेव्हा, उत्तर यायच्या आधी, कधी पाड्यावर न येणारा तलाठी येतो. रेंजर गोड बोलतो. 'एवढं वर कशाला नेलं, आम्हाला सांगायचं होतं' म्हणतो. कुणाला एकट्याला बाजूला घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागतो, 'माझी काही तक्रार नाही' असं वर नंतर लिहितात. तेव्हा अंगठा द्यायचा नाही. जो काय जबाब आहे तो ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, वाचून दाखवल्यावर. आणि जबाबाची नक्कल मागायची. एवढं धरलं तर गार्डाच्या वाक्याच्या शेजारी आपलं वाक्य त्याच फाईलमध्ये जातं. मग मंत्रालयात बसलेल्या माणसाला 'हे खरे नाही' लिहिताना हात थोडा थांबतो.

तर मार्चच्या अधिवेशनासाठी काम असं ठरलं आहे. प्रत्येक पाड्याने आपली एक वही करायची. दाव्याचा नंबर, दावेदाराचं नाव, प्लॉटची चतुःसीमा, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख, दावा कधी दिला आणि पोच मिळाली का. दंडाच्या पावत्या झेरॉक्स करून, मूळ पावती कुणालाही द्यायची नाही, साहेबालाही नाही आणि संघटनेच्या माणसालाही नाही. पावती नसेल तर जाणत्या माणसाचा जबाब, कायद्यात तोही पुरावा आहे, पण दावेदार स्वतः सोडून दुसऱ्याचा. बांध, विहीर, मसणवटा, जुनी आंब्याची झाडं, हेही लिहायचं. ज्यांना लिहिता येतं अशा पोरीपोरांनी लिहायचं, बारावी झालेले आता प्रत्येक पाड्यावर एक तरी आहेत. खात्याने केव्हा त्रास दिला, कोण आलं, काय नेलं, साक्षीदार कोण, त्याची वेगळी दोन पानं. नांगर, कोयता, बैल, काहीही नेलं असेल तर ते नाव घेऊन लिहा.

वह्या होळीच्या आधी जमा होतील. त्यातून पाच प्रश्नांचे मसुदे होतील, दोन तारांकितसाठी, तीन लेखीसाठी. मसुदा आमदाराकडं जायच्या आधी प्रत्येक पाड्यात मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्याच्या प्लॉटची हद्द चुकली असेल त्याने तिथंच सांगावं. त्या म्हातारीचा नांगर पहिल्या प्रश्नात पहिल्या ओळीत घातला आहे, तारखेसकट.

जोहार. जिंदाबाद.